रविवार, बारा वाजून सहा

मस्कतहून भाच्याने पाठवलेलं खोकं
पडवीत फोडलं, तेव्हा थर्मोकोलचे पांढरे मणी
खळ्यातल्या कोंबड्यांनी टिपायला घेतले.
माहितीपुस्तक नऊ भाषांत. आपली नाही.
चित्रं कळली: बाण, बॅटरी, बाण,
आणि एक हसरा माणूस,
ज्याच्या घरची वीज कधी जात नसावी.

सोळा तास चार्जिंग, मगच हात लावायचा.
होड्यांची इंजिनं उघडून बसवणारा मी,
सोळा तास एका हिरव्या दिव्यासमोर
पाटावरच्या नवरदेवासारखा गप्प.

दुसऱ्या दिवशी हँडसेट कानाला लावून हद्द मोजली.
विहिरीपर्यंत आवाज स्वच्छ,
रातांब्याखाली खरखर,
आणि गडगा ओलांडून सात पावलांवर
टूक टूक करून मेला.
ती सात पावलं धाकू खवणेकराच्या जमिनीत.
त्याला अजून सांगितलेलं नाही.

मग निरोपाचं यंत्र.
त्याला आधी आपणच काहीतरी सांगून ठेवायचं असतं.
'आम्ही घरी नाही,' एवढं म्हणालो,
तर रतन आठळ्या सोलायची थांबली:
'घरात नाय म्हणान गावभर कित्याक सांगतास?
चोरांका आवतान?'
पुसलं.
'आम्ही घरीच आहोत, पण'
पण काय, ते सुचेपर्यंत वेळ संपली.
एकदा कावळा आला मध्ये, एकदा कुकर,
एकदा माझाच आवाज
मामलेदार कचेरीत उभा असल्यासारखा.
शेवटी तीच बोलली, ओल्या बोटाने बटण दाबून:
'इंजिनाचा काम आसात तर सांगा. नायतर ठेवा.'
तेच राहिलं.

वीज तर जातेच.
आली की यंत्र नव्याने जन्माला येतं,
आणि त्याची जन्मवेळ ठरलेली: रविवार, बारा.
मंगळवारी दुपारी आलेला निरोप
रविवार, बारा वाजून चार मिनिटांचा.
गुरुवारी पहाटेचा, बारा वाजून एक.
इंग्रजीत सांगते कुणी बाई, जराही घाई नसलेली.
तिच्या हिशेबी आमच्या देवगडात
सगळ्यांची इंजिनं रविवारी मध्यरात्रीच बसतात.

आणि निरोप तरी कसले.
आनंदवाडीच्या धक्क्यावर लाल डब्यात रुपया टाकायचा,
रतनचा आवाज ऐकायचा,
'वैनी? ओ वैनी?' करायचं,
ती उत्तर देत नाही म्हणून रागवायचं.
पास्कूने 'जेवान झाला?' विचारलं
आणि मिनिटभर वाट पाहिली, बिचारा.
बाकीचे बीपला दचकून गप्प,
रुपया संपेपर्यंत उभे.
अठ्ठावीस निरोप, त्यांत एकोणीस नुसते श्वास.
मी ते पुसायलाच बसलो होतो.

सोळाव्यात श्वासामागे इंजिन होतं.
धक्क्याला बांधलेली होडी, नुसतीच चालू ठेवलेली.
चार सिलिंडर. तिसरं
दर आठ-दहा ठोक्यांनी चुकत होतं,
जिना उतरताना
एक पायरी विसरणाऱ्या माणसासारखं.
पुन्हा लावलं. अजून एकदा.
'कोण तो?' रतनने आतून विचारलं.
'माणूस नाय म्हायत. होडी मुरारी तांडेलाची.'

नोझल असेल. किंवा डिझेलात पाणी.
निरोप आजचा की परवाचा, कोण सांगणार,
रविवार, बारा वाजून सहा.
तो संध्याकाळच्या भरतीला निघायचा असेल,
किंवा तसाच, एक पायरी विसरत,
केव्हाच बाहेर गेला असेल.

पान्यांची पिशवी घेतली, बॅटरी घेतली.
गडगा ओलांडला तेव्हा कळलं
हँडसेट खिशातच राहिलाय.
धाकूच्या जमिनीत सातवं पाऊल पडलं
आणि तो ओरडायला लागला.
परतायला वेळ नव्हता.
गडग्याच्या चिऱ्यावर ठेवून दिला,
तोंड घराकडे करून.